छाऊ कोणाचा?

स्नेहसंमेलन जवळ आले की महाविद्यालयात लोकनृत्यांचा हंगाम सुरू होतो. कोणी ‘महाराष्ट्राची’ लावणी बसवतो, कोणी ‘पंजाबचा’ भांगडा, कोणी ‘गुजरातचा’ गरबा, तर कोणी ‘कर्नाटकचे’ डोळ्ळू कुणित. सूत्रसंचालकही राज्याचे नाव आधी घेतो आणि नृत्याचे मागाहून. हे नाव घेताना कोणाला फारसा विचार करावा लागत नाही. भूगोलाच्या पुस्तकात राज्य आणि त्याचे मुख्य पीक अशी जोडी असते, तशीच राज्य आणि त्याचे नृत्य ही जोडीही शाळेपासून आपल्या तोंडी बसलेली असते.

ही जोडी जिथे जुळता जुळत नाही असे एक नृत्य आहे. त्याचे नाव छाऊ. त्याच्यापुढे राज्य कोणते लिहायचे? झारखंड लिहिले तर ओडिशाचा माणूस हरकत घेईल, ओडिशा लिहिले तर बंगाली माणूस घेईल, आणि तिघांचेही म्हणणे खरे असेल. आपण सीमेवर राहणारी माणसे. ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न आपल्याला बाळकडूसारखा मिळालेला आहे. म्हणूनच हजार-दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या या नृत्याची हकीकत बेळगावच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावी, असे मला वाटते.

छाऊची मुख्य ठाणी तीन. झारखंडमधील सराईकेला, ओडिशातील मयूरभंज (त्याचे मुख्य गाव बारीपदा) आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया. ही ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत. बेळगावहून कोल्हापूर-सांगली गाठावी, साधारण तेवढेच हे अंतर. नावाच्या व्युत्पत्तीबद्दल विद्वानांत एकमत नाही. कोणी ते ‘छाया’ या शब्दाशी जोडतो, कोणी सैन्याच्या ‘छावणी’शी. पुरुलियातील खेडूत तर त्याला ‘छो’ म्हणतात. वादाचा निकाल काहीही लागो, छावणीचा वास या नृत्याला आहे हे ते पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

याचे कारण त्याच्या तालमीत आहे. छाऊचा पाया ज्या कसरतीवर उभा आहे तिला ‘फरी-खंडा’ म्हणतात. फरी म्हणजे ढाल आणि खंडा म्हणजे तलवार. मराठी माणसाला हे दोन्ही शब्द परके नाहीत. फरी-गदका आपल्या आखाड्यांत खेळला जात असे आणि खंड्याची ओळख तर खंडोबाच्या देवघरातलीच. सराईकेल्यात खरकाई नदीच्या काठी पहाटे हा सराव चालत आला आहे. पवित्रा घेणे, वार करणे, वार चुकवणे, तोल न जाऊ देता एका पायावर वळणे, हे सर्व आधी अंगात मुरते आणि मगच नृत्याचे नाव निघते. आपल्याकडील लेझीम अशाच वाटेने आली. धनुष्य ओढण्याचा सराव देणारे ते साधन आखाड्यात व्यायामाचे झाले आणि तिथून मिरवणुकीत येऊन नाचाचे झाले.

पण केवळ लढाईवर छाऊ थांबला असता तर ती एक चांगली कवायत झाली असती. त्याच्या व्याकरणात ‘टोपका’ म्हणजे चाली आहेत. वाघाची चाल, पक्ष्याची चाल, अशा त्या पशुपक्ष्यांवरून घेतलेल्या असतात. त्यांच्या जोडीला ‘उफली’ आहेत, आणि मला सर्वांत विलक्षण वाटतात त्या ह्याच. उफली म्हणजे घरकामातील हालचालींवरून बांधलेल्या नृत्याच्या क्रिया. शेण कालवणे, अंगण सारवणे, भांडी घासणे, भात कांडणे. योद्ध्याच्या नृत्याने आपले अर्धे व्याकरण घरच्या बायकांच्या राबणाऱ्या हातांकडून उचलले आहे! परंपरेने हे नृत्य पुरुषांचे. त्यामुळे वीराच्या आवेशात उभा असलेला नर्तक पायाने सारवण्याची क्रिया करतो, आणि प्रेक्षकांतल्या ज्या बाईने सकाळीच ते काम केलेले असते तिला ती ओळखू येते. आज पुरुलियात मुलींची पथकेही छाऊ नाचतात. मला तर ते उशिरा फेडलेले ऋणच वाटते.

तिन्ही ठिकाणच्या पद्धती मात्र एकसारख्या नाहीत. सराईकेल्याचा छाऊ मुखवट्याचा. हे मुखवटे शांत, फिक्या रंगाचे, अर्धोन्मीलित डोळ्यांचे असतात. मुखवट्याआड श्वास कोंडतो, म्हणून एकेक नृत्य थोड्या मिनिटांचेच. चेहरा झाकल्यावर भाव दाखवायचा तो मानेच्या कलण्यातून आणि पावलातून. ‘चंद्रभागा’ हे तिथले नावाजलेले नृत्य. पंढरपूरच्या चंद्रभागेशी त्याचा संबंध नाही. सूर्याच्या मोहाला न बधता समुद्रात देह टाकणाऱ्या कन्येची ती कोणार्ककडची कथा आहे. मयूरभंजमध्ये मुखवटा नाही, पण नर्तक आपला चेहराच मुखवट्यासारखा निर्विकार ठेवतो आणि सारा आवेश अंगात आणतो. पुरुलियात मुखवटे मोठे, भडक, मोरपिसे-मणी-जरीच्या उंच मुकुटांचे. गणेशवंदना झाली की महिषासुरमर्दिनी, राम-रावण, अभिमन्यू असे खेळ उघड्या मैदानात रात्रभर चालतात. नर्तक हवेत गिरकी घेऊन थेट गुडघ्यांवर उतरतो, आणि धमसा नावाच्या मोठ्या नगाऱ्याचा आवाज खाली जमिनीत घुमतो. तिन्हीकडे चैत्रातल्या शिवाच्या उत्सवाशी हे नृत्य जोडलेले आहे.

आता सीमांची गोष्ट पाहू. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचकांना ती ओळखीची वाटेल.

सराईकेला हे संस्थान होते. १ जानेवारी १९४८ रोजी ते ओरिसात घालण्यात आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ओरिसातून काढून बिहारला जोडण्यात आले. तिथल्या ओडिया बोलणाऱ्यांना या निर्णयाचे शल्य राहिले. सन २००० मध्ये झारखंड वेगळे झाले आणि सराईकेला त्यात गेले. मयूरभंज संस्थान १ जानेवारी १९४९ रोजी ओरिसात विलीन झाले. पुरुलिया हा जुन्या मानभूम जिल्ह्याचा भाग आणि मानभूम होते बिहारमध्ये. तिथल्या बंगाली भाषकांनी आपल्या भाषेसाठी दीर्घ लढा दिला. १९५४ साली तर टुसू ही सुगीची लोकगीते गात लोक सत्याग्रहाला उभे राहिले. १९५६ साली स्त्री-पुरुष पायी चालत कलकत्त्याला गेले. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी पुरुलिया पश्चिम बंगालमध्ये आले. पण सगळे मानभूम आले नाही. चांडीलसारखा भाग बिहारमध्येच राहिला आणि आज तो झारखंडात आहे.

१ नोव्हेंबर १९५६. ही तारीख बेळगावात कोणाला सांगावी लागत नाही. त्याच दिवशी बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. आजही तो दिवस इथे कोणी उत्सव म्हणून पाळतो, कोणी काळा दिवस म्हणून. एकाच दिवशी तिकडच्या काही लोकांची मागणी पुरी झाली आणि इकडच्या काही लोकांची अपुरी राहिली.

या सर्व घालमेलीत छाऊचे काय झाले? पन्नासहून अधिक वर्षे नकाशावरच्या रेघा सरकत राहिल्या, पण फरी-खंड्याचा पवित्रा बदलला नाही. चांडीलच्या बाजूला पुरुलियाच्याच धाटणीचा छाऊ आजही होतो. राज्य वेगळे आहे म्हणून तिथल्या नर्तकाने गिरकी उलट्या बाजूने घेतली नाही. २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत छाऊचा समावेश केला, तो तीन राज्यांची तीन नृत्ये म्हणून नव्हे. ‘छाऊ’ या एकाच नावाने.

मग छाऊ कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर राज्यांच्या नावांत शोधणे मला व्यर्थ वाटते. तो राजांचा होता काय? काही अंशी होता. सराईकेल्याचे राजपुत्र स्वतः मुखवटा चढवून नाचत. १९३८ साली तिथले पथक युरोपात जाऊन आले. मयूरभंजच्या भंजदेव राजांनी बारीपद्यात उत्तर साही आणि दक्षिण साही अशा दोन आखाड्यांची चुरस जोपासली. १९१२ साली पंचम जॉर्ज बादशहा कलकत्त्याला आले, तेव्हा मयूरभंजच्या नर्तकांनी त्यांच्यापुढे युद्धनृत्य केले. हे सगळे खरे. पण संस्थाने गेली, तनखे गेले, आणि केवळ राजाश्रयावर जे चालले होते त्याला उतरती कळा लागली. पुरुलियात थोर राजदरबार नव्हता. तिथे छाऊ होता तो महातो, मुंडा, भूमिज अशा कष्टकरी शेतकऱ्यांच्या अंगणात. १९६०-७० च्या दशकांत कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक आशुतोष भट्टाचार्य यांनी या नृत्याकडे शहराचे लक्ष वेधले आणि ते परदेशी रंगमंचावरही नेले. चडिदा गावच्या गंभीरसिंग मुडा यांना १९८१ साली पद्मश्री मिळाली. पण प्राध्यापक येण्यापूर्वी आणि पद्मश्री मिळण्यापूर्वी छाऊ होताच. तो कोणी टिकवला होता?

तो टिकवला होता ढोल वाजवणाऱ्याने. छाऊत नर्तक ढोलाच्या मागे जातो, ढोल नर्तकाच्या मागे नाही. सनईच्या जातीची मोहुरी, ढोल आणि धमसा वाजवणारे बहुतेक जण डोम, कालिंदी, घासी अशा समाजांतले. गावगाड्यात तळाशी ढकललेले. ज्याच्या हाताचे पाणी कधी चालत नव्हते, त्याच्या हाताच्या तालावर गावचा राम आणि गावचा रावण नाचत होते. तो टिकवला होता चडिदाच्या सूत्रधार कुटुंबांनी. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवायचे, वर मातीचा लेप आणि पातळ कापड चढवायचे, घासून गुळगुळीत करायचे, उन्हात वाळवायचे आणि रंगवायचे, हे काम घरचे लहानथोर मिळून करतात. २०१८ साली पुरुलियाच्या मुखवट्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि तो टिकवला होता सुगीनंतर हातात चार पैसे आले की पथक बोलावून रात्रभर जेवूखाऊ घालणाऱ्या गावाने. छाऊ कोणाचा, तर ह्यांचा. जो त्याचा भार वाहतो त्याचा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्याची अस्मिता असते म्हणून तर अकादम्या निघतात, अनुदाने मिळतात, केंद्रे उभी राहतात. सराईकेल्यात सरकारी छाऊ केंद्र आहे, बारीपद्यात प्रतिष्ठान आहे. ‘आमचे नृत्य’ ही भावनाच नसेल तर पैसा कोण देणार? हे मला मान्य आहे. अभिमानातून तिजोरी उघडते. माझे म्हणणे एवढेच, की तिजोरीतून निघालेला पैसा फलकापर्यंत लवकर पोहोचतो आणि ढोलवाल्यापर्यंत उशिरा. ‘कोणत्या राज्याचे?’ एवढाच प्रश्न आपण विचारत राहिलो तर ‘कोणाच्या हातचे?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

दुसरा आक्षेप आपल्या सीमाभागातला वाचक घेईल. तो म्हणेल, ‘कलेला सीमा नसते’ असली गोड वाक्ये ऐकवून आमचा भाषेचा प्रश्न तुम्ही बोथट करता आहात. तसे मुळीच नाही. शाळेत कोणत्या भाषेत शिकायचे, कचेरीतला कागद कोणत्या भाषेत मिळायचा, हे हक्काचे प्रश्न आहेत आणि ते हक्काच्याच भाषेत मांडले पाहिजेत. पुरुलियाच्या लोकांनी ते तसे मांडले. लोकगीत गात तुरुंगात जाण्याइतकी त्यांची भाषेवर निष्ठा होती. पण भाषेसाठी इतके झगडलेल्या त्या माणसांचा छाऊ सीमेपलीकडच्या चांडीलात परका झाला नाही. भाषेचा हक्क मागणे आणि कलेवर मालकी सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करणाऱ्याला दुसरी करावीच लागते असे नाही.

आणि आपण तरी मालकी कशावर सांगणार? ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण साजरा करतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या मागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. ते पाहूनच सांगलीच्या पटवर्धनांना तसे काही मराठीत व्हावे असे वाटले. म्हणजे मराठी नाटकाच्या पाळण्याची दोरी कन्नड हातात होती. पुढे १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणून मराठीला संगीत नाटक देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. उलट मराठी नाटक मंडळ्यांची लोकप्रियता पाहून शांतकवींना चुरस वाटली आणि त्यांनी गदगला कन्नड नाटक मंडळी उभी केली. गोकाककडचे ‘श्रीकृष्ण पारिजात’ कन्नडमधले, पण त्याची गाणी रात्र-रात्र ऐकणाऱ्यांत मराठी कान काही कमी नव्हते. करडी मजलाचा ताल कानी पडला म्हणजे मराठी पाय स्वस्थ बसत नाहीत, आणि हलगी कडाडली की कन्नड पायही थांबत नाहीत. देवाणघेवाणीचा हा हिशोब इतका गुंतलेला आहे की तो सोडवायला बसलो तर दोघांच्याही हाती सुटे धागेच येतील, वस्त्र येणार नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. त्यांना पैसा फारसा लागणार नाही, थोडी मेहनत लागेल.

पहिली अशी. संमेलनात लोकनृत्य सादर करताना राज्याचे नाव घेऊन थांबू नये. ते कोणाकडून शिकलो, कोणत्या गावी पाहिले, वाद्ये कोणी वाजवली, एवढे सूत्रसंचालकाने सांगावे. सांगता येत नसेल तर आपण लोकनृत्य बसवले नाही, चित्रफीत पाहून हातवारे बसवले, हे आपोआप कळेल.

दुसरी सूचना वाजवणाऱ्यांविषयी. आज बहुतेक संमेलनांत ध्वनिमुद्रित गाण्यावर चार मिनिटांत लोकनृत्य उरकते. पोशाख भाड्याचा येतो, ताल यंत्रातून येतो आणि टाळ्या मुलांना मिळतात. हलगी, ढोल, करडी, सनई वाजवणारी माणसे आपल्या आसपासच्या खेड्यांत आहेत. त्यांना बोलवावे, मुलांनी त्यांच्यासमोर तालीम करावी आणि त्यांना योग्य मानधन द्यावे. मानधन देताना पाहुण्याला देतात तशी खुर्चीही द्यावी. कारण ढोलवाल्याला मंचाच्या कोपऱ्यात, खाली, अंधारात बसवायची आपली सवय जुनी आहे, आणि ती केवळ जागेच्या टंचाईतून आलेली नाही.

तिसरी सूचना या अंकाविषयी. आपल्या नियतकालिकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. मराठी विद्यार्थी आपली पाने वाचतो, कन्नड विद्यार्थी आपली, आणि अंक कपाटात जातो. मराठी आणि कन्नड वाङ्मय मंडळांनी मिळून पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करावा. त्याने सुट्टीत एखाद्या गावी जाऊन पारिजाताच्या जुन्या कलावंताला, लेझमीच्या वस्तादाला, करडीवाल्याला भेटावे, त्यांचे सांगणे लिहून घ्यावे, आणि तीच माहिती दोन्ही विभागांत आपापल्या भाषेत छापावी. भाषांतर म्हणून नव्हे. मराठी मुलाने जे पाहिले ते मराठीत आणि कन्नड मुलाने जे पाहिले ते कन्नडमध्ये. दोघांनी एकच माणूस पाहिला असेल आणि लेख दोन निराळे होतील. छाऊच्या तीन पद्धती अशाच झाल्या आहेत.

सराईकेल्याचा नर्तक मुखवट्याने चेहरा झाकतो, मयूरभंजचा उघडा ठेवतो, पुरुलियाचा त्यावर मोरपिसांचा मुकुट चढवतो, आणि तरी तिघेही छाऊच नाचतात. त्यांतल्या कोणाला दुसऱ्यासारखे व्हावे लागले नाही आणि कोणाला दुसऱ्याला खोटे ठरवावे लागले नाही. आपल्या नकाशाचा निकाल जेव्हा लागायचा तेव्हा लागेल, जसा लागायचा तसा लागेल. तोवर वस्ताद म्हातारे होत आहेत, हलगीवाल्याची मुले शहरात मजुरीला जात आहेत, आणि पारिजाताची गाणी तोंडपाठ असणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. त्यांच्या दाराशी जाऊन बसायला कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.